संकष्टीचा चंद्र आणि माझी दुर्बीण

"चंद्र दिसल्याशिवाय डबा उघडणार नाही," काकू म्हणाल्या.

सोलापूरबाहेर, कुंभारी गावाच्या अलीकडच्या माळावर आम्ही आठ-नऊ जण उभे होतो. आकाश लख्ख होतं. शहरातल्या गिरण्यांचे दिवे मागे राहिले होते, कृत्तिका एकेक मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. पण वर कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पूर्वेकडे, नाहीतर काकूंच्या पितळी डब्याकडे.

सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान होतं. चष्मे हा माझा धंदा, दुर्बिणी करणं हा नाद. त्या सुमारास गावातल्या वकील, डॉक्टर, मास्तर मंडळींनी आकाश बघायचा एक क्लब काढला. प्रेसिडेंट बापूसाहेब वकील. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. क्लबसाठी दुर्बीण घ्यायची ठरली, तेव्हा बापूसाहेबांनी विलायती कॅटलॉग मागवून त्यातल्या एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला. मी म्हटलं, "ऑर्डर देण्याआधी माझी एकदा बघा तरी."

माझ्या दुर्बिणीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पुढचं मोठं भिंग, मी हातानं घासलं होतं. हे भिंग प्रकाश गोळा करतं, आणि डोळ्याशी असतं त्या छोट्या आयपीसमधून आपण तो बघतो. भिंग दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. त्या दुर्बिणीवर माझा फार जीव होता. ती परत आली असती, तर मी पुन्हा भिंगाला हात लावला नसता.

"एक रात्र दाखवा," बापूसाहेब म्हणाले. "पटली तर ठेवू. नाहीतर कॅटलॉग आहेच."

तुलनेसाठी त्यांनी स्वतःची पितळी दुर्बीण बरोबर घेतली. ती जहाजावरची होती. सोलापुरात जहाज कुठून बघता, असं त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

तारीख काढली आमच्या सेक्रेटरींनी. ते गणिताचे मास्तर. पहिले दोन तास काळोख हवा आणि मग चंद्रही हवा, म्हणून त्यांनी पंचांग चाळलं. एका दिवसापुढे चंद्रोदयाची वेळ छापलेली सापडली. तोच दिवस त्यांनी पक्का केला. वेळ नेमकी त्याच दिवसापुढे का छापली असेल, हा प्रश्न गणितातला नसल्यामुळे त्यांना पडला नाही.

"अहो मास्तर, संकष्टी असते म्हणून छापतात!" काकूंनी बैलगाडीत त्यांना सांगितलं. मास्तरांनी जीभ चावली. निम्मी मंडळी उपाशी होती आणि त्यात खुद्द प्रेसिडेंट होते.

माळावर पोचल्यावर मी मोठ्या हौसेनं गुरूवर फोकस लावला. "बापूसाहेब, या. गुरूचे चार चंद्र दिसतायत."

बापूसाहेब लगबगीनं आले. "चार? मग त्यातला एखादा चालणार नाही का?"

"परक्याचे चंद्र आपल्या काय कामाचे?" काकूंनी डबा मांडीवर ओढला.

गाडीवान शिवाप्पा लांबून गंमत बघत होता. तो म्हणाला, "मालक, त्ये नळकांडं डब्याकडं लावा की. मोदक जवळ येत्यात का बगू."

सगळे हसले, बापूसाहेब सोडून. पंचांगातली वेळ झाली. वेळ टळून गेली. पूर्वेला क्षितिजाच्या जरा वर ढगाचा जाड पट्टा आडवा पसरला होता. त्याच्याखाली एक बारीक फट, आणि फटीत नुसती धूळ. बापूसाहेबांनी पितळी दुर्बीण तिकडे लावली, डावा डोळा मिटला, उजवा मिटला, आणि ती खाली ठेवली.

"काही नाही. चला, गाड्या जुंपा. दुर्बिणीचं पुढं बघू. कॅटलॉग बरा."

भुकेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी गुपचूप माझी दुर्बीण त्या फटीवर फिरवली. एका जागी तांबूस डाग होता. फोकस फिरवला. नखाएवढी कड दिसली.

"बापूसाहेब, चंद्र!"

ते धावतच आले. बघितलं, आणि ओरडले, "अहो, हा तर खाली उतरतोय! हा उगवतोय की मावळतोय?"

आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, चंद्र खाली. सरळ दाखवायला आत आणखी भिंगं घालावी लागतात, आणि ती थोडा प्रकाश खातात. त्यांची पितळी दुर्बीण सरळ दाखवत होती, पण तिचं पुढचं भिंग लहान आणि आत भिंगांची गर्दी. तिला ही कड पेलली नव्हती. मी हे सांगितलं.

"म्हणजे चंद्र उगवलाय?"

"उगवलाय. पण आता ढगामागं जाईल. मग तासभर तरी दिसायचा नाही."

बापूसाहेबांनी काकूंकडे पाहिलं. वकिली कोर्टात चालायची, इथं निकाल काकूंचा.

"यंत्रातून पाहिलेला चंद्र चालतो होय?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "काकू, बापूसाहेब दर संकष्टीला चंद्र माझ्याच दुकानातल्या चष्म्यातून बघतात की. तो चालतो ना? मग हाही चष्मा त्याच दुकानातला. जरा लांबट आहे, एवढंच."

काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पदर सावरून आयपीसला डोळा लावला.

"दिसला," त्या म्हणाल्या. "पण उलटा आहे हो."

"अर्घ्य सरळच द्या."

काकू मनापासून हसल्या. त्यांनी त्या फटीकडे तोंड करून पाणी सोडलं, हात जोडले आणि डब्याचं झाकण काढलं. लगेच चंद्र ढगात गेला. तो पुन्हा वर आला तेव्हा डबा रिकामा होता आणि शिवाप्पाही मोदक खाऊन तृप्त झाला होता.

"दुर्बीण ठेवा," बापूसाहेब तोंडात घास असतानाच म्हणाले. "कॅटलॉगवाल्यांना आमच्या संकष्टीचं काय कळणार!"

मी दुर्बीण पुन्हा गुरूवर लावली होती. हात धुऊन ते आपणहून तिच्यापाशी गेले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. "चारही आहेत हो!" असं प्रत्येकाला बोलावून दाखवू लागले, जणू मी दाखवलेच नव्हते.

पुढे मी आणखी बऱ्याच दुर्बिणी केल्या. त्या रात्रीची शिकवण एवढीच: दुर्बीण विकायची असेल तर गिऱ्हाईक उपाशी असावं, आणि आकाश दाखवायचं असेल तर जेवलेलं.