सात बीप

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस. पुण्याचा, इंजिनिअर, नोकरीमुळे म्हैसूरला. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय...

जुनी ट्रॅव्हलर घेऊन मी तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला, कारण या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पहिल्याच ट्रिपला तो बोंबलला – इंजिन बंद, शेगडी बंद, खिडक्या उघड्या. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, इराला उचलून बाहेर पळालो. मग सहा महिने दर ट्रिपला तेच. म्हैसूरजवळच्या बेळगोळचा मेकॅनिक म्हणाला, इन्व्हर्टरची बॅटरी ओव्हरचार्ज होऊन वायू सोडते, त्याला हा फसतो. बॅटरी बदलली. अलार्मही नवा आणला. माहितीपत्रकात धोक्याचे चार बीप लिहिलेले, पण जुनाही सात वाजवायचा, नवाही सातच. इरा व्हॅनमध्ये झोपायला घाबरू लागली. मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

त्या रविवारी नंजनगूडहून येताना दुपारी रस्त्याकडेला थांबलो. इरा आणि बायको वीणा मागे झोपलेल्या, एसीसाठी इंजिन चालू. अलार्म वाजला. सात. माझं डोकंच फिरलं. तो उपटला, सेल काढून फेकले, दार लावून झाडाखाली जाऊन बसलो. मायलेकी हलल्याही नाहीत. मला वाटलं, बरं झालं, झोपू देत.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरातलं. मी सगळा वैताग त्यांच्यावर ओतला, सात बीपांसकट.

"सात म्हंजे एळु की हो," त्या हळूच म्हणाल्या. "एळु म्हंजे ऊठ पण होतंय कन्नडात. आमचे हे वीणाला रोज तसंच उठवायचे... एळु पुट्टा, एळु, ऊठ बाळा, ऊठ. पोरी कुठं आहेत?"

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी धावलो. दोघी उठेनात. इराची मान माझ्या हातावर लुळी पडली. ओढत बाहेर काढलं, गालावर चापट्या मारल्या, नाही नाही ते नवस बोललो. वीणा आधी ओकली. इरानं डोळे उघडायला फार वेळ लावला. हॉस्पिटलमध्ये दोघींना ऑक्सिजन लावला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, व्हॅनमध्ये अलार्म नव्हता का?

सायलेन्सरचा पाइप सीटखाली तडकला होता. तडा ताजा होता, मेकॅनिक म्हणाला. मग आधीच्या ट्रिपांना काय वाजत होतं? या मॉडेलला सात बीप नाहीतच, असं कंपनीनं कळवलं. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

कन्नड मला फक्त दहापर्यंत आकड्यांपुरतं येतं. सहा महिने कुणीतरी ऊठ, ऊठ म्हणत होतं, आणि मी मोजत बसलो होतो.