नऊ हातांची साखळी

मोठा कुत्रा जितका एकटा ठेवावा तितका तो तिखट होतो, असं मी चाळिशी उलटेपर्यंत मानत होते. नुसती मानत नव्हते, चारचौघींना शिकवतही होते. त्या शहाणपणापायी एका मुक्या जिवावर बेतलं, तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं. तेही फार वेळ नाही.

कुत्रा हरमलहून आला. माझ्या मावसबहिणीकडे खोली घेऊन राहिलेला एक परदेशी हंगाम संपताच मायदेशी गेला आणि कुत्रा तिच्या गळ्यात पडला. वासराएवढं धूड, मानेभोवती दाट केस, बटाट्याएवढं नाक. बघताक्षणी मला तो हवासा झाला, कारण पेडण्यात आमच्या वाड्यावर एवढा मोठा कुत्रा कुणाकडेच नव्हता.

काजूचे दिवस होते. घरामागच्या भाटात, म्हणजे आमच्या काजूच्या बागेत, पडलेल्या बिया सकाळपर्यंत निम्म्या गायब व्हायच्या. मी ठरवलं, हा राखण करणार. बाजारातून साखळी आणली, नऊ हात मोजून कापून घेतली. झाडाभोवती फिरता आलं पाहिजे, पण पायवाटेवरच्या माणसापर्यंत पोचता कामा नये, असा माझा हिशेब. पाणी जर्मनच्या तोपात. मुलांना ताकीद दिली: त्याच्याशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "एवढा केसाळ जीव उन्हात नको गो."

"सावलीत आहे तो, आई," मी म्हटलं. जणू कुत्र्यांच्या शाळेची मी मुख्याध्यापिका.

सावली होती. सकाळी बांधला तेव्हा होती. सावली सरकते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं मी दिवसातून तीनदा उन्हाबरोबर सरकवायची. सोलांची काळजी होती मला.

पाचव्या दिवशी सायकलवरून पाव विकणारा पोदेर दुपार कलताना आला. त्याचा भोंगा वाजला की कुत्रा भाट डोक्यावर घ्यायचा आणि मी ओटीवर मिरवायची. त्या दिवशी पाव देता देता तो थांबला.

"बाय, तुमचा वाघ आज गप्प कसा?"

"तुमची सवय झाली असेल."

"चार दिवसांत?" त्याने सायकल उभी केली आणि तो सरळ घरामागे निघाला. मी पदरात पाव घेऊन त्याच्या मागे.

कुत्र्याने झाडाला फेऱ्या घालून घालून साखळी खोडाला गुंडाळली होती. नऊ हातांतली हातभर उरली होती. तोप पलीकडे, सावलीही पलीकडे. तो भर उन्हात आडवा पडून धापा टाकत होता, जीभ मातीत. डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते. पोदेराने आधी गळ्यातला पट्टा सोडला. आम्ही दोघांनी त्याला ओढत सावलीत आणलं. मी फ्रीजमधला बर्फ आणायला धावले, तर पोदेर ओरडला, "बर्फ नको! विहिरीचं पाणी आणा. आणि गोणपाटं."

भिजवलेली गोणपाटं आम्ही पोटाखाली नि पंजांवर ठेवली, अंगावर थोडं थोडं पाणी घातलं. पावाच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक काढून पोदेर वारा घालत बसला. वाड्यावर त्या दिवशी सगळ्यांना पाव उशिरा मिळाला, तोही गार.

गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावली. "अजून तासभर गेला असता तर मला बोलवायची गरज नव्हती," एवढंच ते म्हणाले. दिवेलागणीला कुत्रा उठला, पाणी प्याला आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसला.

पुढे भाटाला तारेचं कुंपण आलं. कुत्रा मागच्या पडवीत गार लादीवर झोपू लागला आणि रोज दोनदा मला रस्त्याने ओढत फिरवू लागला. वाड्याची फुकट करमणूक. राखण तो कुणी न शिकवताच करायचा.

पण कुत्रा उठला त्या संध्याकाळी माझी शहाणपणाची हौस अजून फिटली नव्हती. चहा ओतता ओतता मी म्हणालेच, "काही म्हणा, मी त्याला सावलीतच बांधला होता."

सासूबाईंनी चहात पाव बुडवला. म्हणाल्या, "उद्या तुला बांधते त्याच झाडाला. न्याहारीपासून पोदेर येईपर्यंत. मग सांग मला, सावली होती काय नव्हती ती."