यादीत न घातलेले शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही.

तेव्हा मी कशेळीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर होते. अंजूरचे काशिनाथदादा तिथे फोर्कलिफ्ट चालवत. एका दुपारी उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी कलंडली, त्यांचा पाय गेला. कंपनी म्हणाली, चूक त्यांचीच. दादा भिवंडीच्या कोर्टात गेले. त्यांच्या वकीलबाईंनी गोदामाचे दोन वर्षांचे ई-मेल मागितले.

मेल हजारो. ते वाचून देणारे लोक पानामागे पैसे घेणार, आणि निम्मा खर्च दादांवर. मग मीच सुचवलं — सगळे कशाला वाचायचे? ठरावीक शब्द घालून शोधू, सापडतील तेवढेच काढू. दोन्हीकडचे वकील खूश झाले. इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. नव्हतं ना?

यादी बनवायचं काम माझ्याकडेच आलं. फोर्कलिफ्ट, ब्रेक, रिपेअर — सगळे शुद्ध इंग्रजी स्पेलिंगचे. पण आमचे स्टोअरकीपर मेल लिहायचे हिंदीत, इंग्रजी अक्षरांनी. फोर्कलिफ्टला ते 'गाडी' म्हणत, आणि ब्रेकचं स्पेलिंग कायम चुकवत. गाडीचा ब्रेक लागत नाही, असं त्यांनी अपघाताआधी हेड ऑफिसला तीनदा कळवलं होतं. माझ्याच कॉम्प्युटरवरून. केस उभी राहीपर्यंत ते नोकरी सोडून गावी गेले होते. म्हणजे हेड ऑफिस सोडलं तर हे जाणणारी — मी एकटी.

वकीलबाईंनी मला विचारलंसुद्धा, "तुमच्याकडे ह्याला दुसरं काही म्हणतात का? काही सुटायला नको."

"नाही," मी म्हटलं. "एवढेच शब्द."

कुणी दम दिला होता का? नाही. मालकांनी मला काही सांगितलंही नव्हतं. नोकरी जाईल ही भीती माझी मीच घालून घेतलेली.

ते मेल निघाले नाहीत. दादा हरले.

निकालाच्या दिवशी कुबडी सावरत ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "पोरी, तू खर्च वाचवलास म्हणून येवरं तरी लढलो. न्हाय तं तेवढंबी जमलं नसतं."

"असू दे, दादा," मी म्हटलं.

तेव्हाही बोलता आलं असतं. तिन्ही मेल माझ्या कॉम्प्युटरवर तसेच होते. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले, आणि ते मी पुसून टाकले.