घरचा वकील

आमच्या नात्यागोत्यात आजारी पडलं की ओळखीचा डॉक्टर, घर बांधायचं तर ओळखीचा गवंडी आणि कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर ओळखीचा वकील. ओळखीच्या माणसाने केलेला घोळ चालतो, अनोळखी माणसाने केलेलं चांगलं काम पचत नाही. रत्नागिरीतल्या निम्म्या घरांचा हाच कारभार. त्यामुळे १९९९ च्या मे महिन्यात मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले, तेव्हा माझा वकील कोण हे मला कुणी विचारलंही नाही. आईचा एक चुलतभाऊ वकिली करायचा. मला सख्खा मामा नाही, म्हणून लग्नात अंतरपाटामागे माझ्या पाठीशी तोच उभा राहिला होता. मामाने पाठीशी उभं राहायचं असतं ते मंगलाष्टकं संपेपर्यंतच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

घर का सोडलं, ते थोडक्यात सांगते. नवऱ्याने हात उचलला. पहिल्यांदा त्याने माफी मागितली, दुसऱ्यांदा सासूने माझी समजूत घातली, तिसऱ्यांदा मी थांबले नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि त्या दिवशी आजीबरोबर बागेवर गेली होती. भाट्याच्या खाडीपलीकडे सासरच्यांचं घर आणि आंब्याची कलमं आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला गेले, तर सासू दारातच उभी. "तुला जायचं तर जा गो. पोर आमची आहे, ती खय जायची नाय." माझं भांडण एवढंच होतं. मला पोटगी नको होती, दागिने नको होते, नवरा तर नकोच होता. मला माझी मुलगी हवी होती.

मामाने सगळं ऐकून घेतलं, आईने केलेले कांदेपोहे दोनदा घेतले आणि म्हणाला, "अगो, एवढ्यात नोटीस नको. आंब्याचे दिवस आहेत. त्यांचा माल उतरतोय, माणसं तापलेली असतात. आंबे होऊ देत, मग बोलतो." माझी आई मान डोलावत होती. बाबा भिंतीकडे बघत होते. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हापूसचा हंगाम सांगितलाय, हे मी विचारायला हवं होतं. पण तो फी घेत नव्हता आणि फुकट मिळालेल्या माणसाला प्रश्न विचारायची आपल्याकडे चाल नाही.

आंबे झाले. मग पाऊस लागला. पावसात म्हणे कोर्टात पक्षकारच येत नाहीत. मग मामा म्हणाला, "आता गणपती तोंडावर आले. मुंबईची सगळी माणसं येतील, तुझा थोरला दीर येईल, तो समजूतदार आहे. चार माणसांत बसून बोललं की काम होतं." थोरल्या दिराचा समजूतदारपणा मी सहा वर्षं पाहिला होता. बायको बोलायला लागली की तो पेपर उघडायचा.

तरी गेलो. मामा आणि मी, हातात दुर्वा आणि नारळ घेऊन, ज्या घरातून मी मार खाऊन निघाले होते तिथे आरतीला. मला ओटीवर सतरंजीवर बसवलं. माझ्याच हाताने घासलेल्या ताटलीत मला प्रसाद दिला. मामाने उकडीचे मोदक हाणले, वर तुपाची धार मागून घेतली आणि सासूला म्हणाला, "वा! पारीला तोड नाही हो." विषय कुणीच काढला नाही. सणावारी कज्जे नकोत, असं सासू माजघरातून मोठ्याने म्हणाली आणि माझ्या वकिलाने "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हटलं.

मुलीला नवा परकर-पोलका घातला होता. ती आली आणि माझ्या कडेवर चढली ती उतरेचना. तोंड माझ्या मानेत खुपसून सारखं एकच, "आई, आपल्या घरी जाऊया." मी उठले. मामाने माझा दंड धरला. "आज नको. सणाचा दिवस आहे, तमाशा होईल." मुलीचे हात त्याने सोडवले. सासूने नाही, नवऱ्याने नाही, माझ्या वकिलाने सोडवले. मला आजही त्या माणसाच्या बोटांची किळस येते.

मग दिवाळी झाल्यावर एकदाचा अर्ज दाखल झाला. मला वाटलं, आता कोर्ट बघून घेईल. कोर्टाला बघायला काही द्यावं लागतं, हे कळायला मला वेळ लागला. तारखा पडत गेल्या. एकदा समोरचा वकील आला नाही, एकदा साहेब रजेवर, एकदा मामाच म्हणाला, "आज मीच पुढची मागून घेतली. त्यांच्या वकिलाच्या घरी लग्न आहे, बरं दिसत नाही." हा समोरचा वकील आणि मामा बाररूममध्ये एका बशीतली भजी खायचे. त्यात गैर काही नाही. वकिलांनी एकमेकांना चावावं, अशी माझी अपेक्षा नव्हती. पण खटला माझा होता आणि भीड हे दोघे एकमेकांची सांभाळत होते. मुलगी अंतरिम ताब्यात मिळावी, म्हणजे निकालाआधीच माझ्याकडे यावी, असा वेगळा अर्ज करायचा असतो. मी तो विचारला की मामाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "कोर्टाने ओढून आणलेली पोर घेऊन काय करणार तू? त्यांनी आपणहून दिली पाहिजे. धीर धर."

जानेवारीत मुलगी पाच वर्षांची झाली. वाढदिवसाला मी फ्रॉक पाठवला, तो तसाच परत आला.

त्यानंतरच्याच तारखेला समोरचा वकील, जो तोवर कधी वेळेवर आला नव्हता, इस्त्रीचा कोट घालून हजर. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईजवळ असावं, असं कायदा म्हणतो, मान्य आहे. पण या मुलीला आता पाच वर्षं पूर्ण झालेली आहेत. आणि गेले कित्येक महिने ती वडिलांच्या घरी सुखात रुळलेली आहे." मी मामाकडे बघितलं. तो मान डोलावत होता. माझ्या आईसारखीच.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "हे पाच वर्षांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगो, ठाऊक नसायला काय झालं? तीस वर्षं वकिली करतोय मी."

"मग?"

"मला वाटलं, तोवर जमेल."

त्याने पैसे खाल्ले असते, तर मी त्याला निदान लबाड तरी म्हटलं असतं. तो लबाड नव्हता. दोन्ही घरांत आपल्याला पाट मांडला जावा, दोन्हीकडे मोदक मिळावेत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. अशा भल्या माणसांचा मला चोरांपेक्षा जास्त तिटकारा आहे. चोराला निदान कुलूप लावता येतं.

वकील बदलायचं ठरवलं, तर गावातले वकील एकामागून एक तेच सांगायचे: आधी त्यांची ना हरकत सही आणा. मामा सही देईना. त्याचा अपमान झाला होता. आईने माझ्यासमोर हात जोडले, "माहेरचं माणूस आहे गो, तोडू नको." मी म्हटलं, "माझं माणूस भाट्याच्या पलीकडे अडकलंय."

शेवटी एका शनिवारी सकाळी मी मामाच्या पडवीत जाऊन बसले. तिथे त्याचे पक्षकार वाट बघत बसतात. शेजारी संगमेश्वरचे एक गृहस्थ होते, वाटणीचा दावा घेऊन आलेले. मी त्यांना माझी सगळी हकिगत सांगितली. आवाज माझा मुळातच मोठा आहे. मग पलीकडच्या बाईंना सांगायला घेतली. मोदकांपर्यंत पोचले, तोच आतून हाक आली आणि सही मिळाली. संगमेश्वरचे गृहस्थही माझ्याबरोबरच उठले. जाताना त्यांनीच मला एका वकीलबाईंचं नाव सांगितलं.

या बाई तिकडे देवरुखच्या कोर्टात काम करायच्या आणि तारखांना रत्नागिरीला येत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "फी घेईन. फुकट काम मी नवऱ्याचंसुद्धा करत नाही." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. फी दिली की निदान विचारता येतं, माझ्या कामाचं काय झालं? त्यांना माझ्या घराण्याशी, आंब्यांशी, गणपतीशी काही देणंघेणं नव्हतं. अंतरिम अर्ज त्याच आठवड्यात गेला. समोरच्याने तारीख मागितली की त्या उभ्या राहून हरकत घ्यायच्या, आणि बाररूममध्ये त्यांना कुणी भजी द्यायचं नाही. तरीही वेळ गेलाच. जो मामाने घालवला होता, तो कुणाच्या बापाला भरून काढता येणार नव्हता. साहेबांनी मुलीला आपल्या दालनात बोलावून विचारपूस केली, माहेरी आल्यावर मी धरलेली नोकरी बघितली, माझं घर विचारलं आणि पुढचा पावसाळा लागता लागता मुलगी माझ्याकडे द्यावी, असा हुकूम झाला. बापाने रविवारी भेटावं.

कोर्टातून रिक्षाने घरी आलो. मुलगी माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिला जवळ ओढलं, तर ती आली, पण शाळेत बाई सांगतात म्हणून यावं तशी. घरात आईने रव्याचे लाडू केले होते. मुलगी खुर्चीच्या कडेला बसली, सँडल काढू का म्हणून तिने माझ्या आईला विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. मामा. आवाजात कोण आनंद! "बघ, म्हटलं नव्हतं? धीर धरला की सगळं होतं. झालं ना शेवटी तुझ्या मनासारखं?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. उंबऱ्याच्या बाहेर, पाय जुळवून.

"अगो, ऐकू येतंय ना? मिळाली ना पोर तुला?"

"मला पाणी मिळेल का?" तिने विचारलं.

मी फोन ठेवला आणि तिला पाणी दिलं. ती दोन्ही हातांनी भांडं धरून सगळं प्यायली, भांडं मला परत दिलं आणि म्हणाली, "थँक्यू."