भगुनं रिकामं देऊ नये

ये गं, अशी जवळ सरकून बस. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं, पण वाचताना तरी जवळ बस. आधी बोलणी खा, मग बाकीचं.

परवा माझा डबा कुरिअरनं परत आला. घासूनपुसून लख्ख, आत नुसती हवा आणि झाकणावर तुझी चिठ्ठी: रिटर्न्ड विथ थँक्स. आजीचा डबा असा पाठवतात व्हय? कुरिअरवाला म्हणाला, "आज्जी, सही करा." म्हटलं, "बाबा, आत काहीच नाय, सही कशाची करू?"

तुला वाटेल, म्हातारीला इंग्रजी कळलं नाही म्हणून चिडली. कळलं म्हणून तर चिडले! हा रिटर्न शब्द मी कुणाकडून शिकले, ते तुला सांगायचं राहूनच गेलंय.

फुलंब्रीकडून लग्न होऊन या शहरात आले, तेव्हा मला मोडकंतोडकं वाचता यायचं, बस. पोलीस ॲक्शनला काही वर्षं होऊन गेली होती. आमच्या परसाच्या भिंतीला लागून एक मुसलमान बाई राहायच्या, एकट्याच; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. निजामाच्या राज्यात त्या मुलींना शिकवायच्या, सगळं उर्दूतून, आणि इंग्रजी तर त्यांचं लई पक्कं. पुढं शाळेचा कारभार मराठीत गेला आणि खाला घरी बसल्या. एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "बहू, तू मेरेकू मराठी सिखा, मैं तेरेकू अंग्रेजी सिखाती. फुकट में कुछ नक्को."

झालं! दुपारची भांडी आवरली की भिंतीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला खाला. खालांची शिकवायची तऱ्हा अशी की शब्द हातात दिल्याशिवाय पुढं जायचं नाही. माझं गाडं लेंड आणि बॉरोपाशी अडलं. आपण म्हणतो उसनं दिलं, उसनं घेतलं. उसनं ते उसनं, त्याला दोन शब्द कशाला? खालांनी आत जाऊन वाटीभर पीठ आणलं आणि भिंतीवरून माझ्या हातात दिलं.

"माझ्या हातातून सुटलं, मी लेंड केलं. तुझ्या हातात आलं, तू बॉरो केलं. पीठ एकच, बाजू दोन."

"आणि गिव्ह?"

"गिव्ह म्हणजे देऊन टाकलं. परत यायची वाट बघायची नाही."

सासूबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, पण कान सगळा इकडं. त्या म्हणाल्या, "आपा, पिठाचं कळलं. वाटीचं काय?"

"वाटी रिटर्न, भाभी."

"रिकामी?"

खाला खळखळून हसल्या. "साहेबाच्या घरी रिकामी चालते. आपल्यात नक्को."

खरंच होतं ते. सासूबाई सुरुवातीला खालांच्या घरचं भांडं विस्तवावर धरूनच आत घ्यायच्या. हळूहळू विस्तव सुटला आणि भांडी नुसतीच जाऊ-येऊ लागली. तिकडून शेवया आल्या की इकडून शेंगदाण्याची चटणी जायची. रिकामं भांडं कधी गेलं नाही.

मग एकदा हैदराबादहून खालांचा धाकटा भाऊ आला. इथं आता काय उरलंय, माझ्याकडं चला, म्हणाला. खाला हो म्हणाल्या. मी भाकरी थापता थापता थांबले. माझं इंग्रजी अर्ध्यावर राहणार, एवढंच नाही. भिंतीपलीकडून 'बहू' म्हणणारंच कुणी उरणार नाही.

गाव सोडायचं तर ज्याचं त्याला द्यायचं, आपलं घ्यायचं, ही रीत. खालांचं एक कल्हई केलेलं तांब्याचं भगुनं आमच्याकडं होतं. ते न्यायला भाऊ दारात आला, तर सासूबाई म्हणतात कशा, "अगंबाई! आज घरात गोडधोड काही नाही हो. रिकामं भगुनं कसं देऊ?"

दुसऱ्या दिवशी म्हणे दूध नासलं. तिसऱ्या दिवशी गूळ संपला. भाऊ वैतागला. भिंतीपलीकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं.

"आपा, एका भगुन्यासाठी किती थांबायचं? मी नवीन घेऊन देतो!"

"यांचा रिवाज आहे. मी मोडू?"

शेवटी खाला स्वतः भिंतीशी आल्या. "भाभी, गुळाची ढेप मला इथून दिसतेय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, त्यांचं त्यांना ठाऊक. खाला मग माझ्याकडं वळल्या. "बहू, हे भगुनं मी गिव्ह केलं की लेंड?"

मी म्हटलं, "लेंड, खाला."

"मग घ्यायला कोण येईल?"

"तुम्ही."

"शाब्बास. पास."

सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "आपा, तुमची मराठी बी पास!"

खाला गेल्या. भगुनं फळीवर राहिलं. आणि पुढच्या हिवाळ्यात खाला खरंच आल्या, गं! सासूबाईंनी तिळाच्या लाडवांनी ते शिगोशिग भरलं. खालांनी ते नेलं आणि जाताना बरोबर आणलेली परात इथं विसरल्या. विसरल्या कसल्या! मग परातीसाठी आल्या, मग आणखी कशासाठी. त्या आल्या की दुपारी आम्ही पुन्हा पुस्तक घेऊन बसायचो. आज चष्मा लावून तुझी इंग्रजी चिठ्ठी वाचते, ते त्या भिंतीमुळं. देवानं मला शेजार लई चांगला दिला. सासूही.

खाला शेवटच्या आल्या तेव्हा ठेवून गेलेला डाव अजून माझ्याकडं आहे. रोजची आमटी मी त्यानंच वाढते. माझं शिकणं त्यांनी लेंड केलं की गिव्ह, ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.

तर तू पाठवलेला तो डबा. मी तो पुन्हा भरलाय. खाली मेथीचे लाडू, वर चटणीची पुडी. कुरिअरवाल्याच्या हाती देणार नाही, सांगून ठेवते. तूच ये न्यायला, लाडू कडक व्हायच्या आत ये. आणि जाताना तुझं काहीतरी इथं विसरून जा.