लोव्हिनासकट ओढलेली कचेरी

जेबेझ टकर घरं हलवणारा माणूस. आयोवाच्या त्या माळरानात हिवाळा लागला की लोक त्याला बोलवायला येत. लाकडी घराखाली तो ओकचे लांब ओंडके सरकवी, वीस-बावीस बैल जुंपी आणि बर्फावरून आख्खं घर हवं तिथे नेऊन ठेवी. चुलीवरची किटली डुचमळत नाही, असं लोक म्हणत. थोडी अतिशयोक्ती सोडून द्या, पण या कामात त्याचा हातखंडा होता खरा.

परगणा नवा होता तेव्हा कोर्ट एका नावाड्याच्या झोपडीत भरे आणि पंच मंडळी खल करायला मागच्या कोरड्या ओढ्यात जाऊन बसत. पुढे फळ्यांची एक कचेरी झाली. ती टॅलमनच्या टेकडीवर ओढून आणली जेबेझनंच. तिथेच त्याच्या बायकोनं, लोव्हिनानं, खानावळ घातली. वकील, साक्षीदार, जमिनीचे कागद करायला आलेले शेतकरी, सगळे तिच्या पंगतीला. टॅलमन गाव जगत होतं ते त्या कचेरीवर.

चार वर्षांनी नदीपलीकडच्या ऑर्ली गावानं परगण्याचं ठाणं, म्हणजे ही कचेरी, आपल्याकडे मागितलं आणि मतदान ठरलं. शेजारच्या परगण्यात अशाच भांडणात बंदुका निघाल्या होत्या. तसं नको म्हणून दोन्ही गावांनी जेबेझला चर्चमध्ये उभं केलं: कौल लागेल तिकडे कचेरी तूच न्यायचीस. बायबलवर हात ठेवून जेबेझ हसत म्हणाला, "माझे बैल काही जागचे हलत नाहीत. मग शपथ घ्यायला माझं काय जातंय?"

सगळं टॅलमन खिदळलं. जिंकल्यातच जमा, म्हणून मतदानाच्या दिवशी निम्मे शेतकरी मका खुडत राहिले आणि गावानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ऑर्ली अकरा मतांनी जिंकलं.

जानेवारीत जेबेझ बैल घेऊन कचेरीपाशी आला, तर आत न्यायाधीशाच्या खुर्चीत लोव्हिना बसलेली.

"उतर खाली, लोव्हिना."

"का म्हणून? ओढा की मलाही, टकर! शपथ घेताना मला विचारलं होतंत?"

"चुकलो. पण शब्द दिलाय."

"शब्द तुमचा, आणि चूल विझायची माझी! वा रे न्याय!"

बाहेर जमलेल्यांतला एकजण जेबेझच्या कानाशी लागला. "एखादा बैल लंगडू दे की रे. कोण बघतंय?"

जेबेझनं नकारार्थी मान हलवली. त्याला बायकोपुढे मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खोटं त्याच्यानं होईना. त्यानं बैलांना हाक दिली.

नदीवरचा बर्फ पातळ होता. जेबेझ दारात गेला. "इथे तरी उतर. फुटला तर..."

"फुटेल वाटतं तर थांबा. नाहीतर ओढा. मला भीती घालू नका."

त्यानं बैल सोडले. दोन दिवस काठावर तळ दिला. शेगडीत लाकडं घालायला तो आत जाई तेव्हा ती तोंड फिरवून बसे. तिसऱ्या दिवशी बर्फ घट्ट झाला आणि कचेरी पार गेली.

ऑर्लीवाल्यांनी टोप्या उडवल्या. कुणी लोव्हिनाला समोरची जागा फुकट देऊ केली. "इथेच घाला बाई खानावळ!" ती उतरली आणि टॅलमनकडे चालू लागली. मागून बैल घेऊन जेबेझ. सहा मैल दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

पुढे टॅलमनची घरंही एकेक करून ऑर्लीला गेली, आणि तीही जेबेझनंच नेली. लोव्हिनानं मात्र आपलं घर हलू दिलं नाही. कालांतरानं ती बोलू लागली, हसूही लागली, पण त्या प्रवासाचा विषय मरेपर्यंत काढला नाही. तिनं एकदा तरी भांडावं, असं जेबेझला फार वाटे.

तेवीस वर्षांनी ती गेली. मृत्यूची नोंद करायला जेबेझ ऑर्लीला गेला. कारकुनानं विचारलं, "राहणार?"

"टॅलमन."

कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "टॅलमन नावाचं गाव परगण्यात नाही, टकर. ऑर्ली लिहू?"

"नको," जेबेझ म्हणाला. "गाव नाही ते माझ्यामुळे. तिचा काय दोष? टॅलमनच लिही."