धावपट्टीचा नवा आकडा

विमानतळावरचा रंगारी हट्टी म्हणून सगळ्यांना ठाऊक होता. "आपण जागचे तसूभर हलत नाही," असं तो छाती काढून सांगायचा. धाकट्या भावाने रंगकाम सोडून सलून काढलं, तेव्हापासून नऊ वर्षं त्याने भावाशी अबोला धरला होता.

यंदा धावपट्टीवर नवं डांबर पडलं. वीस वर्षांच्या सवयीने रंगाऱ्याने तिच्या टोकाला भलामोठा 'सत्तावीस' रंगवला. ते बघून इंजिनिअरबाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, कागद वाचलाच नाहीत ना? आता अठ्ठावीस करायचाय."

रंगारी भडकला. "का? धावपट्टी काय रातोरात फिरली?"

"ती कुठली फिरतेय! हा आकडा होकायंत्राच्या दिशेवरून ठरतो, आणि होकायंत्राची उत्तर दिशा दरवर्षी जराजरा सरकते. धावपट्टी आहे तिथेच राहिली, म्हणून तर तिचा आकडा चुकला."

रंगारी पुटपुटत गुडघ्यांवर बसला. तो सात खरवडण्यात त्याची अख्खी दुपार गेली. म्हणजे जागचं न हलणाराही चुकतो तर! ही गोष्ट काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी तो घरी न जाता थेट सलूनमध्ये शिरला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. भावाच्या हातातली कात्री हातातच राहिली.

"बघतोस काय? केसांत रंग गेलाय. काप."

भावाने त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, मान दोन्ही हातांनी हळूच सरळ केली आणि म्हणाला, "आता हलू नकोस हं, दादा."